‘गायकवाड? आणि क्रिश्चन?’ : गोव्यात नोकरीला येणाऱ्या मराठी ख्रिस्ती मुलामुलींसाठी

नर्सिंगचे निकाल लागले की मला फोन सुरू होतात. राहुरीहून, जालन्याहून, मिरजेहून. “सलाम मावशी, पोरगी गोव्याला येतीय, जरा लक्ष ठेवा.” हल्ली पोरंही येतात, वेर्ण्याच्या औषध कंपन्यांत. प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून हे लिहून काढलं. मी मडगावला स्टाफ नर्स आहे. माहेर नगर जिल्ह्यातलं (कागदोपत्री आता अहिल्यानगर, आमच्या तोंडात नगरच), शिक्षण मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात. खोली कशी शोधायची, पगार किती मागायचा हे सांगणारे पुष्कळ भेटतील. मी सांगणार आहे ते दुसरं: इथे ख्रिस्ती म्हणून राहायचं कसं, आणि घर लांब असताना देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे सोमवार ते रविवार नेमकं काय करायचं.

निघताना घ्यायचे कागद

आधार, मार्कलिस्ट, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन घ्यालच. त्याशिवाय बाप्तिस्म्याचा दाखला घ्या, दृढीकरण झालं असेल तर त्याचाही. आणि पाळकसाहेबांकडून मंडळीच्या लेटरहेडवर एक पत्र मागून घ्या: अमुक मुलगी आमच्या मंडळीची सभासद आहे, तिला आपल्या संगतीत घ्यावं. पाळकांच्या मागे हजार कामं असतात, तेव्हा मजकूर तुम्हीच लिहून न्या, ते सही-शिक्का करतील. मुलं म्हणतात, मोबाइलमध्ये फोटो आहे की. असू दे. पण नव्या मंडळीत पहिल्या रविवारी आपल्याला कुणी ओळखत नसतं, तेव्हा शिक्क्याचा कागद हातात असला की बोलणं सोपं जातं.

लग्न इथेच जुळलं आणि इथेच करायचं ठरलं, तर गोव्यात चर्चच्या आधी सिव्हिल रजिस्ट्रारच्या कचेरीत जावं लागतं आणि मध्ये काही दिवस जाऊ देऊन दोनदा सह्या कराव्या लागतात. हा कायदा पोर्तुगीज काळापासूनचा. पत्रिका छापण्याआधी तिथे विचारून या.

आणखी एक, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. इथली बहुतेक दफनभूमी त्या त्या गावच्या कॅथलिक पॅरिशची असते. आपण प्रॉटेस्टंट असलो तर परवानगी मागावी लागते, आणि ती ऐन वेळी मागताना घरच्यांचे हाल होतात. ज्या मंडळीचे सभासद व्हाल तिच्या पाळकांना पहिल्या वर्षीच विचारून ठेवा आणि उत्तर घरी कळवा. अशुभ काय बोलता मावशी, असं म्हणू नका. वॉर्डात राहून आम्हाला हे बोलायची सवय झालेली असते.

पवित्र शास्त्र मराठी आणि कागदाचं घ्या, सोबत गायनाचं पुस्तक. ड्युटीवर फोन लॉकरमध्ये ठेवायला सांगतात. पुस्तकाला कुणी हरकत घेत नाही.

आडनाव सांगितल्यावर

२०११च्या जनगणनेत गोव्यात शंभरात पंचवीस माणसं ख्रिस्ती होती. महाराष्ट्रात शंभरात एकही पुरतं भरत नाही. म्हणून आपल्या मुलांना वाटतं, गोव्याला गेलो की आपल्यातच गेलो. नाक्यानाक्यावर खुरीस (क्रूस), बसमध्ये ड्रायव्हरसमोर येशूचं चित्र, सकाळी पोदेर पाव घेऊन येतो तोही ख्रिस्ती. आणि मग खोली बघायला गेल्यावर मालकीण विचारते, “गायकवाड? आणि क्रिश्चन? कन्व्हर्ट काय?”

कारण सरळ आहे. इथे ख्रिस्ती म्हणजे फर्नांडिस, डायस, कुलासो. भाषा कोंकणी, प्रार्थनेचं पुस्तक रोमी लिपीत, आणि चर्च कॅथलिक. मराठी म्हणजे हिंदू, मराठी पेपर, देवळातलं भजन, जत्रेतलं नाटक. आपण दोन्ही खान्यांत बसत नाही. मराठी मंडळातले लोक आपल्याला हळदीकुंकवाला बोलावतात, आणि शेजारची आंटी सायबीण, म्हणजे मरियामातेची मूर्ती, घरी आली की आपल्याला बोलवावं का, या विचारात पडते. वरून एखादा ‘घाटी’ म्हणून मोकळा होतो, ते सगळ्याच घाटावरच्यांच्या वाट्याला येतं.

यावर माझं सांगणं एवढंच की उत्तर आधीच ठरवून ठेवा आणि ते एका वाक्याचं असू द्या. “होय, आमचं घर पणजोबांपासून ख्रिस्ती आहे, नगरकडचं.” बस. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं, हे तुम्हाला माहीत हवं, पण मालकिणीला ते ऐकवायची गरज नाही. तिला भाडं वेळेवर मिळेल का आणि खोलीत कोण कोण येईल, एवढंच हवं असतं. पोलिस ठाण्यात भाडेकरूचा फॉर्म भरायचा असतो, तो तुम्ही स्वतःहून पुढे केलात तर आडनावाचा विषय तिथेच संपतो.

दुसरा प्रश्न जास्त खोचक असतो. “पण आधी कोण होता?” हा जातीचा प्रश्न आहे, आणि तो फक्त आपल्याला विचारतात असं समजू नका. इथल्या ख्रिस्ती घरांतही लग्न जमवताना बामण, चारडो, सुदीर असा हिशोब निघतो. त्यामुळे विचारणाऱ्याला आपण काही वावगं विचारलं असं वाटतही नाही. पुष्कळ मुलं इथे गांगरतात, एखादा वरची जात सांगून सुटका करून घेतो. तसं करू नका. सांगायचं नसेल तर “आम्ही शेतमजूर होतो” एवढंच म्हणा आणि कामाला लागा. सांगायचं असेल तर मान वर करून सांगा. मी सांगते. माझे पणजोबा गावाबाहेर राहायचे. बाप्तिस्मा घेतल्यावर गावच्या विहिरीचं पाणी त्यांना लगेच मिळालं नाही, पण मुलांना शाळा मिळाली, आणि त्या शाळेमुळे मी आज तुमच्या आईचं बीपी बघते. यानंतर पुढचा प्रश्न सहसा येत नाही.

उलटा वार मात्र टाळा. “तुमचेही पूर्वज बाटलेलेच की” हे खरं असलं तरी ते म्हणून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही.

स्वतःपुरतं एक माहीत असू द्या, वाद जिंकण्यासाठी नव्हे, रात्री एकटं वाटेल तेव्हासाठी. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात आला आणि मरेपर्यंत इथेच राहिला, बहुतेक काळ साष्टीत, म्हणजे आपण राहतो त्याच मुलखात. इंग्लंडला तो परत गेला नाही. त्याने ख्रिस्ताचं चरित्र ओव्यांत लिहिलं, आणि लिहिलं मराठीत. ते ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली मडगावच्या जवळ राशोलला छापलं गेलं. देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून रोमी अक्षरांत. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराणं ऐकायची सवय होती, त्यांना पुराणाच्या जागी काहीतरी हवं होतं. पुढे १६८४ला पोर्तुगीज सरकारने इथली भाषा बंद पाडायचा हुकूम काढला, आणि हळूहळू असा काळ आला की मराठी ख्रिस्ती म्हटल्यावर गोव्याच्या माणसाने भुवया उंचावाव्यात. सुटीच्या दिवशी राशोलला जाऊन या. टेकडीवर सेमिनरी अजून आहे. मला तिथे गेल्यावर हा इंग्रज माणूस देवाशी एकटा असताना कोणत्या भाषेत बोलत असेल, याचंच नवल वाटत राहतं.

भाषेचा वाद

यात पडू नका. गोवा महाराष्ट्रात घालायचा की वेगळा ठेवायचा, यावर १६ जानेवारी १९६७ला इथे जनमत कौल झाला आणि लोकांनी वेगळं राहायचं ठरवलं. ख्रिस्ती समाज विलीनीकरणाच्या विरोधात ठाम उभा होता. मग भाषेचं आंदोलन झालं, १९८७मध्ये कोंकणी राजभाषा झाली. ज्या म्हाताऱ्या बाईने हे सगळं पाहिलंय तिला ‘मराठी’ हा शब्द ऐकून जरा कडक वाटलं, तर तो राग तुमच्यावरचा नसतो. कोंकणी शिका. आपल्याला महिन्या-दोन महिन्यांत समजायला लागते. पेशंटच्या नातेवाइकाने “देव बरें करूं” म्हटलं तर तुम्हीही तसंच म्हणा. ते नुसतं थँक्यू नाही, आशीर्वादच आहे, आणि तो आपल्या देवाच्याच नावाने आहे.

प्रार्थना मात्र मराठीत ठेवा. दिवसभर इंग्रजी, हिंदी, कोंकणी बोलून रात्री गुडघे टेकले की आपोआप जी भाषा येते तिला अडवू नका. इंग्रजी उपासनेला जाणाऱ्या काही मुली खोलीतही इंग्रजीत प्रार्थना करायला लागतात, कारण ते ऐकायला छान वाटतं. मग एखाद्या वाईट रात्री त्यांच्याकडे शब्दच उरत नाहीत.

रविवार

श्रीरामपूर-हरेगावकडचे कॅथलिक असाल तर तुमचं काम सोपं आहे. पॅरिशच्या ऑफिसात नाव नोंदवा, वाड्यावरच्या छोट्या समुदायाच्या बैठकीला जा, कोंकणी मीस (मिस्सा) दोन-तीन रविवारांत तोंडात बसेल. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची यात्रा असते त्याच सुमारास, ८ तारखेला, इथे सायबिणीचं फेस्त असतं, मुलं नऊ दिवस फुलं वाहतात. यात्रा चुकली म्हणून खोलीत रडत बसू नका, फुलं घेऊन जा.

आपल्यासारख्या प्रॉटेस्टंटांना शोधावं लागतं. इथे आपल्या उपासना थोड्या, त्या बहुतेक इंग्रजीत किंवा हिंदीत, आणि कधी कधी भाड्याच्या हॉलमध्ये. नकाशावर बघू नका, हॉस्पिटलातल्या मलयाळी आणि ईशान्येकडच्या नर्सेसना विचारा. कुठल्या हॉलमध्ये किती वाजता काय असतं, ते त्यांना पाठ असतं. तीन-चार ठिकाणी जाऊन बघा, मग एक धरा आणि तिथेच राहा. आज इथलं गाणं छान, उद्या तिथलं प्रवचन छान, असं फिरणाऱ्याला आजारी पडल्यावर डबा कुणी आणत नाही.

एक शब्द इथे जपून वापरायचा: ‘बिलिव्हर’. कॅथलिक चर्च सोडून दुसऱ्या पंथात गेलेल्यांना इथे तसं म्हणतात आणि त्यात कडवटपणा असतो. घराघरांत फूट पडलेली आहे. तुम्ही “मी कॅथलिक नाही” म्हणालात की लगेच “म्हणजे बिलिव्हर?” असं येतं. शांतपणे सांगा, आमचं जुनं मिशनचं चर्च आहे, आम्ही पहिल्यापासूनच असे. कुणाला ओढायला जाऊ नका, कुणी ओढलं तर जाऊ नका.

ड्युटीमुळे आपली उपासना हुकली तर जवळच्या कॅथलिक चर्चमध्ये सकाळच्या मीसला बसायला काही हरकत नाही. मी कित्येकदा बसते. शास्त्रपाठ तेच असतात, प्रभूची प्रार्थना तीच असते. प्रभुभोजनाच्या रांगेत मात्र उभं राहू नका. ते त्यांच्या चर्चच्या सभासदांसाठी आहे, त्यांचा तो नियम आहे. सगळा बाक उठून जातो आणि आपण एकटे बसून राहतो, ते सुरुवातीला लागतं, खोटं कशाला सांगू. त्या पाच-सात मिनिटांत मी नगरच्या चर्चमधल्या माणसांची नावं एकेक करून घेते. पुढच्या बाकापासून सुरू करते, कोण कुठे बसतं ते ठरलेलंच आहे. कोरसच्या बायकांपर्यंत येईस्तोवर रांग संपते.

शनिवारी संध्याकाळी माझ्या खोलीवर मराठी प्रार्थना असते. कॉटेज मीटिंग म्हणतो ना आपण, तीच. कधी तिघी, कधी आठ-नऊ जण. पेटी नाही, टाळ आहेत. पहिल्यांदा टाळ वाजवून भजन सुरू केलं तेव्हा घरमालकीण दारात येऊन म्हणाली, “आयज एकादस काय गो?” तिला बसवलं, भजनात येशूचं नाव ऐकल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. आता ती येते, मागे बसते, माळ ओढत राहते. तुम्ही कुठेही राहा, असा एक दिवस ठरवा. दोघं असलात तरी चालेल. चहा-बिस्किटं ठेवा, तासाभरात संपवा, पुढची तारीख सांगूनच उठा. प्रवचनाचा आग्रह नको. स्तोत्र वाचा, गाणं म्हणा, एकमेकांच्या घरच्या अडचणी ऐका आणि त्या बाहेर बोलू नका. हे शेवटचं मोडलं की सभा मोडते.

पूजेचं ताट

हॉस्पिटल असो की कंपनी, दसऱ्याला यंत्रांची पूजा होते, वर्षातून एकदा सत्यनारायण होतो, आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तर इथला सगळ्यात मोठा सण. गोव्याच्या ख्रिस्ती सहकाऱ्याला कुणी आरतीला पुढे करत नाही, पण आपल्याला करतात. कारण आपण मराठी, आणि शाळेत ऐकून ऐकून आरती आपल्याला पाठ असते. मग उभं राहायचं की नाही? प्रसाद घ्यायचा की नाही? सगळ्यात जास्त प्रश्न मला यावरच येतात.

यासाठी दुसरं राजे, पाचवा अध्याय वाचा. अरामाचा सेनापती नामान कोडी होता. त्याच्या घरात इस्राएलातून धरून आणलेली एक लहान मुलगी होती, तिने सांगितलं म्हणून तो अलीशा संदेष्ट्याकडे गेला आणि बरा झाला. प्रवचनात गोष्ट बहुतेक इथेच थांबते. पुढचं वाचा. नामान दोन खेचरांवर मावेल इतकी माती मागतो, कारण त्याला आपल्या देशात जाऊन याच देवाची उपासना करायची आहे. आणि मग अडखळत आणखी एक मागतो: माझा राजा रिम्मोनच्या देवळात जाताना माझ्या हातावर टेकतो, त्याच्याबरोबर मलाही वाकावं लागतं, तेवढ्याची क्षमा व्हावी. अलीशा त्याला नियमांची यादी देत नाही. “शांतीने जा” म्हणतो.

मला हा अध्याय दर चवथीला उपयोगी पडतो. माझं असं ठरलेलं आहे: जागा झाडून द्यायला, फुलं आणायला, चहा करायला मी असते. आरतीला मी मागे, हात न जोडता, नुसती सरळ उभी राहते. ताट ओवाळत नाही. प्रसाद हातात घेते, कारण देणाऱ्याचा हात परत करणं मला जमत नाही, आणि नंतर कुणाला तरी देऊन टाकते. माझी एक मैत्रीण तो खाते. मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दल पौलाने करिंथकरांना लिहिलेलं तिने नीट वाचलेलं आहे आणि तिचं मन तिला खात नाही. आमचं यावरून भांडण नाही. तुमचं काय ते तुम्ही गुडघ्यांवर ठरवा, पण एकदा ठरवलं की दर वर्षी बदलू नका. सोबतचे लोक बघत असतात आणि त्यांना तुमचा नेम कळला की तेच तुम्हाला सांभाळून घेतात. “सिस्टरला ताट नको, तिला नारळ फोडायला द्या,” असं आमचा वॉर्डबॉय परस्पर सांगतो. (नारळही मी फोडत नाही, पण त्याचा हेतू चांगला आहे.)

याहून मोठं काम म्हणजे चवथीची ड्युटी मागून घेणं. हिंदू सहकाऱ्यांना तेव्हा गावच्या घरी जायचंच असतं. तुम्ही स्वतःहून “माझी लावा” म्हणालात, तर त्याचा गवगवा करावा लागत नाही. डिसेंबरात तेच तुमच्यासाठी उभे राहतात.

जेवणाच्या टेबलावर

थोडक्यात सांगते. आपल्या घरांत मिशनच्या काळापासून दारू वर्ज्य, आणि पुष्कळांकडे डुकराचं मांस शिजत नाही. इथे लग्नात टोस्ट असतो आणि फेस्ताला सोर्पोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचं कालवण. टोस्टला ग्लास उचला, त्यात कोकम सरबत असलं तरी नवरा-नवरीला काही फरक पडत नाही. सोर्पोतेल नको असेल तर “आमच्याकडे खात नाहीत” एवढंच म्हणा. “ख्रिस्ती माणसाने पिऊ नये” असं तोंडातून काढू नका. समोर बसलेला आजोबा रोज पहाटे मीसला जातो आणि संध्याकाळी थोडी फेणी घेतो, त्याला ते कळणार नाही, आणि तुम्ही त्याच्या घरी पाहुणे आहात.

घरून फोन आला की

आता जे सांगायचं ते सगळ्यात अवघड.

घर लांब असलं की रात्री अकरानंतर वाजलेला प्रत्येक फोन पोटात गोळा आणतो. देवावर भरवसा ठेव, असं सगळे सांगतात. कसा, ते सांगत नाहीत. मी करते ते असं.

पहिलं, पैसे. एका वेगळ्या खात्यात किंवा डब्यात घरी जायच्या तत्काळ तिकिटाचे आणि आठवड्याच्या खर्चाचे पैसे कायम ठेवा, त्याला हात लावू नका. विश्वास आहे तर तयारी कशाला, असं बोलणारे भेटतील. योसेफाला दुष्काळाचं स्वप्न देवानेच उलगडून दिलं होतं, तरी त्याने सात वर्षं कोठारं भरली.

दुसरं, घरच्यांशी करार. “तू काळजी करशील म्हणून सांगितलं नाही” हे वाक्य बंद. बाबांना ताप आला तर ताप सांगायचा, ॲडमिट केलं तर त्याच दिवशी सांगायचं. लपवलेली बातमी नंतर कळली की पुढच्या प्रत्येक ‘सगळं ठीक आहे’वरचा विश्वास जातो, आणि मग देवावरचाही डळमळतो. शेजारचा एक नंबर, चर्चमधल्या एका पंचांचा नंबर तुमच्याकडे असू द्या. त्यांना रोज फोन करायचा नाही, पण त्या दिवशी करता आला पाहिजे.

तिसरं, आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर घरच्या प्रार्थनेत बसा. एकत्र गाऊ नका, आवाज मागेपुढे येऊन सगळा गोंधळ होतो. आईने गायचं, बाकीच्यांनी आवाज बंद करून आपापल्या खोलीत तिच्याबरोबर म्हणायचं. आमच्याकडे स्तोत्र १२१ ठरलेलं आहे, ज्यात तुझा राखणदार डुलकी घेत नाही असं म्हटलंय. नाइट ड्युटी करणाऱ्याला ते वेगळंच पटतं.

चौथं माझ्या धंद्यातलं. तुमच्या वॉर्डात कुणाचे तरी वडील असतात आणि त्यांचा मुलगा दुबईत किंवा जहाजावर असतो. गोव्यात अशी घरं पुष्कळ. तो फोनवर तुम्हालाच विचारतो, “सिस्टर, खरं सांगा.” त्याला खरं सांगा, बापाच्या कानाला फोन लावून द्या. मी हे करताना मनात म्हणते, प्रभू, नगरला माझ्या माणसांजवळ असंच कुणीतरी उभं कर. सौदा म्हणून नाही. नुसतं मागते. नामानाच्या घरातली ती मुलगी स्वतः घरी परत गेली की नाही, हे शास्त्रात लिहिलेलं नाही. तिने फक्त समोरच्या आजारी माणसाला वाट दाखवली.

आणि कधी कधी मागितलेलं मिळत नाही. माझे वडील गेले तेव्हा मी गाडीत होते, गाडी लोंढ्याच्या आसपास. रात्रभर एकच मागितलं होतं, मी पोचेपर्यंत. का नाही मिळालं, याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही, आणि ज्यांनी दिलं त्यांचं मला पटलं नाही. देवाची योजना होती, त्याला ते जास्त प्रिय होते, वगैरे. तुमच्यावर अशी वेळ आली तर असल्या वाक्यांना मान हलवा आणि सोडून द्या. स्तोत्र १३ उघडा. दावीद सरळ विचारतो, हे परमेश्वरा, किती वेळ? तू मला कायमचा विसरलास का? हे शास्त्रातच आहे, म्हणजे असं विचारायची मुभा आहे. मी ते पुष्कळ दिवस वाचलं, रोज तेच, पुढचं पान न उलटता. उपासनेला जाऊन नुसती बसायचे, गायचे नाही, दुसरे गायचे. शनिवारची सभा मात्र बंद केली नाही, कारण पोरी दारात येऊन उभ्या राहायच्या.

नाताळ

नाताळच्या पदार्थांची चिंता नको. इथली नेवरी म्हणजे आपली करंजीच, सारणात थोडा फरक. दोदोल आणि बेबिंक शेजारून येईल, तुम्ही अनारसे आणि तिखट शेव पाठवा, अनारशाचं फार कौतुक होतं. आपल्या मिशन कंपाउंडात रात्रभर दारोदार गाणी म्हणत फिरतात, तसं इथे तुमच्यासोबत कुणी फिरेलच असं नाही. पण चांदणी लावा, आणि शनिवारच्या मंडळींना घेऊन दोन-तीन मराठी घरांत तरी जा. त्यातलं एखादं हिंदू असलं तरी चालतं, ते चहा देतातच.

घरी जाता आलं तर जा. नगरकरांना आणि मिरजकरांना गोवा एक्सप्रेस सोयीची आहे. मडगावहून दूधसागरचा घाट चढून लोंढा, बेळगाव, मिरज, पुणे, दौंड करत थेट नगरला जाते, गाडी बदलावी लागत नाही. बुकिंग साठ दिवस आधी उघडतं, सकाळी आठला. २४ डिसेंबरला निघायचं तर २५ ऑक्टोबरला पावणेआठपासून फोन हातात घेऊन बसा. आणि त्याच आठवड्यात, ड्युटीचा तक्ता लागायच्या आधी, इन्चार्ज सिस्टरच्या टेबलाशी जाऊन आठवण द्या की चवथीला तुम्ही होतात. सुटी तोंडी मागू नका, अर्ज लिहून द्या आणि पोच घ्या.